विमानतळावरील ‘स्लॉट’ : वहिवाट, वापर आणि देखरेख

प्रस्तावना

विमानवाहतुकीचा इतिहास आपल्याकडे बहुधा विमानांचा, वैमानिकांचा किंवा कंपन्यांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून मुंबईस टपाल आणले, १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले, १९९० नंतर खाजगी कंपन्या आल्या, हा क्रम सर्वपरिचित आहे. धावपट्टीवरील वेळेचा इतिहास मात्र या क्रमात कोठे येत नाही. वास्तविक गर्दीच्या विमानतळावर विमानापेक्षा वेळ दुर्मिळ असते. विमान विकत घेता येते. सकाळी आठ वाजता हीथ्रोवर उतरण्याची संधी कारखान्यात तयार होत नाही.

या संधीला ‘स्लॉट’ म्हणतात. ठरावीक दिवशी, ठरावीक वेळी विमानतळावर उतरण्यासाठी किंवा तेथून उडण्यासाठी धावपट्टी, विमान उभे करण्याची जागा आणि टर्मिनल या सर्व सोयी वापरण्याची परवानगी म्हणजे स्लॉट होय. स्लॉटची वेळ ही चाके धावपट्टीला लागण्याची वेळ नसून विमान आपल्या जागी येऊन उभे राहण्याची किंवा तेथून सुटण्याची वेळ असते, हा बारकावा येथेच नोंदविणे आवश्यक आहे. कारण दिलेली वेळ पाळली की मोडली हे ठरविताना याच वेळेशी तुलना केली जाते.

प्रस्तुत लेखात स्लॉटच्या वाटपापेक्षा त्याच्या देखरेखीचा विचार केला आहे. दिलेली वेळ कंपनी खरोखर वापरते काय, हे कोणी पाहावयाचे, कशावरून ठरवावयाचे आणि न वापरल्यास काय करावयाचे, या तीन प्रश्नांना गेल्या सुमारे साठ वर्षांत निरनिराळी उत्तरे दिली गेली. ही उत्तरे तपासताना असे दिसून येते की, देखरेख करणाऱ्यांनी नेहमी उड्डाणे मोजली. वापर मोजला नाही. तसे होण्याचे कारण तांत्रिक नाही. स्लॉट कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न कायद्याने टाळला आणि त्या टाळलेल्या प्रश्नाचे ओझे देखरेखीच्या कोष्टकावर येऊन पडले.

न्यूयॉर्क, १९६८

जुलै १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या आकाशात विमाने तासन्‌तास घिरट्या घालीत होती. जेट विमानांची संख्या झपाट्याने वाढली होती, नियंत्रकांची संख्या त्या प्रमाणात वाढली नव्हती, आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या नियंत्रकांच्या संघटनेने ‘नियमानुसार काम’ सुरू केले होते. त्या वर्षाच्या अखेरीस अमेरिकन संघराज्याच्या विमानवाहतूक प्रशासनाने अतिगर्दीच्या पाच विमानतळांसाठी नियम केला आणि १९६९ मध्ये तो अमलात आला. ताशी उड्डाणे व अवतरणे मिळून केनेडी विमानतळास ८०, लाग्वार्डिया, न्यूअर्क व वॉशिंग्टन नॅशनल यांना प्रत्येकी ६० आणि शिकागोच्या ओहेअरला १३५ अशी मर्यादा घालण्यात आली. हा उपाय तात्पुरता मानला गेला होता. न्यूअर्क १९७० मध्ये त्यातून सुटले. ओहेअर २००२ पर्यंत आणि न्यूयॉर्कचे उरलेले दोन विमानतळ १ जानेवारी २००७ पर्यंत त्याच नियमाखाली राहिले. तात्पुरत्या उपायांचे आयुष्य किती असते याचा हा चांगला नमुना आहे.

मर्यादा शासनाने घातली, वाटप मात्र कंपन्यांवर सोडले. कंपन्यांच्या प्रतिनिधींची वेळापत्रक समिती बसे आणि एकमताने वेळा वाटून घेई. एरव्ही प्रतिस्पर्ध्यांनी असे एकत्र बसणे हा स्पर्धाविषयक कायद्याचा भंग ठरला असता. त्यासाठी त्यांना खास संरक्षण देण्यात आले. या व्यवस्थेत देखरेखीची निराळी यंत्रणा लागत नव्हती, कारण प्रत्येक कंपनी दुसरीवर लक्ष ठेवून होती. १९७८ मध्ये अमेरिकेत विमानवाहतूक खुली झाली आणि नव्या कंपन्या दारात उभ्या राहिल्या. त्यांना जागा द्यावयाची म्हणजे जुन्यांनी आपली सोडावयाची. १९८० मध्ये न्यूयॉर्क एअर या नव्या कंपनीने वॉशिंग्टन नॅशनलवर वेळा मागितल्या तेव्हा एकमताची पद्धत कोसळली आणि शासनास स्वतः वाटप करावे लागले. ऑगस्ट १९८१ मध्ये संपावर गेलेल्या अकरा हजारांहून अधिक नियंत्रकांना बडतर्फ करण्यात आल्यावर तर टंचाई सर्वत्रच झाली.

यातून निघालेला १९८५ चा निर्णय १ एप्रिल १९८६ पासून अमलात आला. त्याने देशांतर्गत स्लॉटच्या खरेदी-विक्रीस परवानगी दिली आणि त्याचबरोबर ‘वापरा नाही तर सोडा’ हे तत्त्व लागू केले. दोन महिन्यांच्या कालावधीत निदान ६५ टक्के वेळा स्लॉट वापरला पाहिजे. अन्यथा तो परत जाईल. पुढे हे प्रमाण ८० टक्के झाले. गंमत अशी की, स्लॉट ही मालमत्ता नसून केवळ चालविण्याची सवलत आहे, असे त्याच नियमात स्पष्टपणे म्हटले होते. मालमत्ता नसलेली ही वस्तू विकता येत होती, भाड्याने देता येत होती आणि कर्जासाठी तारणही ठेवता येत होती.

वहिवाट आणि पीकपाहणी

महाराष्ट्रातील वाचकास हा गुंता अपरिचित वाटू नये. १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट कायद्याने आणि त्यातील दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ या कृषकदिनाने ‘कसेल त्याची जमीन’ हे तत्त्व आणले. तारखेचा योगायोग सोडून देऊ. परंतु दोन्हीकडील युक्तिवाद सारखाच आहे. जो वापरतो त्याचा हक्क, जो नुसता धरून बसतो त्याचा नाही. आणि दोन्हीकडे तत्त्वाचे भवितव्य नोंदीवर अवलंबून राहिले. शेतात कोण कसतो हे तलाठ्याच्या पीकपाहणीवरून ठरे. जमीन परत मिळविण्यासाठी ‘वैयक्तिक कसणूक’ कागदावर कशी दाखविली जाई, हे आपल्या ग्रामीण इतिहासाच्या अभ्यासकांना सांगावयास नको. स्लॉटच्या व्यवहारात ज्याला ‘ऐतिहासिक हक्क’ म्हणतात त्यास मराठीत ‘वहिवाट’ हाच नेमका शब्द आहे, आणि त्याची पीकपाहणी म्हणजेच देखरेख.

युरोपात ही वहिवाट १८ जानेवारी १९९३ च्या नियमावलीने (क्रमांक ९५/९३) कायद्यात आली. तोपर्यंत ती आंतरराष्ट्रीय विमानवाहतूक संघटनेच्या म्हणजे ‘आयाटा’च्या मार्गदर्शक संकेतांनुसार चालत होती. नियमावलीने प्रत्येक गर्दीच्या विमानतळासाठी कंपन्यांपासून स्वतंत्र असा संयोजक नेमण्याचे बंधन घातले. ब्रिटनमध्ये १९९२ मध्येच त्यासाठी ‘एअरपोर्ट कोऑर्डिनेशन लिमिटेड’ ही संस्था स्थापन झाली होती. परत आलेले व नवे स्लॉट एका साठ्यात जमा करावेत आणि त्यातील निम्मे नव्याने येणाऱ्या कंपन्यांना द्यावेत, असेही ठरले.

मोजणीची रीत अशी आहे. वर्षाचे दोन हंगाम: उन्हाळी हंगाम मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि हिवाळी हंगाम ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सुरू होतो. एकाच वारी, एकाच वेळी, हंगामात किमान पाच वेळा मिळालेल्या स्लॉटांची मिळून एक मालिका होते. हक्क मालिकेवर असतो, सुट्या स्लॉटवर नाही. हंगामात मालिकेपैकी निदान ८० टक्के स्लॉट वापरले तर पुढील वर्षी त्याच हंगामात ती मालिका त्याच कंपनीस मिळते. ३१ आठवड्यांचा उन्हाळी हंगाम धरल्यास सोमवारचा स्लॉट २५ वेळा वापरणे पुरेसे. २४ वेळा वापरला तर वहिवाट तुटली. जे स्लॉट नको असतील ते उन्हाळ्यासाठी ३१ जानेवारीपूर्वी आणि हिवाळ्यासाठी ३१ ऑगस्टपूर्वी परत करावेत. त्यानंतर परत केलेले स्लॉट न वापरलेले म्हणून मोजले जातात. विमानतळ किंवा आकाश बंद असणे, एखाद्या जातीची विमाने जमिनीवर ठेवण्याचा आदेश निघणे अशा कारणांनी झालेली अनुपस्थिती माफ होते. एप्रिल २०१० मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीची राख पसरली तेव्हा हजारो उड्डाणे रद्द झाली. असे प्रसंग याच प्रकारात मोडतात.

संयोजकाच्या कार्यालयात दोन याद्या असतात: कोणास कोणती वेळ दिली याची एक आणि विमानतळाच्या नोंदीनुसार प्रत्यक्ष कोण केव्हा आले याची दुसरी. या दोन याद्या जुळविणे म्हणजे देखरेख. स्लॉट न घेता आलेले विमान, दिलेल्या वेळेच्या आधी किंवा नंतर सातत्याने येणारे विमान, मोठ्या विमानासाठी घेतलेल्या वेळेत आणलेले लहान विमान, हे सारे या जुळणीत सापडते. काही मिनिटांचा उशीर हा गुन्हा नव्हे. नऊची वेळ घेऊन हंगामभर साडेनऊला येणे हा गुन्हा होय, कारण साडेनऊची वेळ मागणाऱ्या दुसऱ्या कंपनीस नकार मिळालेला असतो. यादी बारकाईने तयार केलेली असते यात शंका नाही. तथापि प्रवाशांची संख्या या जुळणीत कोठेही येत नाही. विमान आले आणि गेले, एवढ्याने स्लॉट ‘वापरला’ जातो.

हीथ्रो ते कार्डिफ

ऑक्टोबर २००६ ते मार्च २००७ या हिवाळी हंगामात ब्रिटिश मेडिटरेनियन एअरवेज या कंपनीचे एअरबस विमान आठवड्यातून सहा दिवस लंडनच्या हीथ्रोवरून वेल्सच्या कार्डिफपर्यंत सुमारे दोनशे किलोमीटर जाई आणि परत येई. त्यात एकही प्रवासी नसे. तिकिटेच विकावयास ठेवली नव्हती. कंपनीने उझबेकिस्तानातील ताश्कंदची सेवा थांबविली होती आणि मोकळी झालेली हीथ्रोवरील वेळ तिला गमवावयाची नव्हती. पुढच्या मार्गाची तयारी होईपर्यंत वहिवाट टिकविण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे जवळच्या विमानतळापर्यंत रिकामे विमान नेऊन आणणे. बातमी प्रसिद्ध झाली तेव्हा पर्यावरणवाद्यांनी संताप व्यक्त केला. परंतु नियमभंग झाला होता काय? संयोजकाच्या दोन्ही याद्या अचूक जुळत होत्या.

एस.टी.च्या खिडकीतून आसनावर रुमाल टाकून जागा धरण्याची रीत आपल्या परिचयाची आहे. तेथे निदान रुमालामागून माणूस चढतो. हीथ्रोवर रुमालच सहा महिने प्रवास करीत होता.

या घटनेस विक्षिप्त अपवाद मानून पुढे जाता येत नाही. हीथ्रोस दोनच धावपट्ट्या आहेत. पाचव्या टर्मिनलला २००१ मध्ये मंजुरी देताना वर्षाला ४,८०,००० उड्डाण-अवतरणांची मर्यादा घालण्यात आली. तेथे साठ्यात परत येणारे स्लॉट नगण्य आणि बहुधा गैरसोयीच्या वेळांचे. म्हणजेच नव्या कंपनीस निम्मा वाटा देणारे कलम जवळजवळ रिकाम्या भांड्यावर लागू होते. ज्यास चांगली वेळ हवी त्याने ती जुन्या धारकाकडूनच मिळवावी लागते. १९९३ च्या नियमावलीने स्लॉटची अदलाबदल मान्य केली होती. विक्रीविषयी ती मौन होती. यातून एक चतुर रीत निघाली: मौल्यवान स्लॉटच्या बदल्यात निरुपयोगी स्लॉट घ्यावयाचा, फरकापोटी पैसे घ्यावयाचे आणि निरुपयोगी स्लॉट सोडून द्यावयाचा.

मार्च १९९९ मध्ये या रीतीची न्यायालयीन परीक्षा झाली. गर्न्सी बेटाला हीथ्रोशी जोडणाऱ्या कंपनीने आपले स्लॉट अशाच अदलाबदलीने ब्रिटिश एअरवेजकडे दिले आणि बेटाची हीथ्रोसेवा संपली. बेटाच्या वाहतूक मंडळाने संयोजकाविरुद्ध लंडनच्या उच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने अदलाबदल वैध ठरविली. पैशांची देवाणघेवाण झाल्याने ती अवैध होत नाही, असा निर्वाळा दिला. प्रस्तुत लेखकास या खटल्याचे महत्त्व कार्डिफच्या उड्डाणाहून अधिक वाटते. वापर न झाल्यास स्लॉट समाजाकडे परत यावा हे नियमाचे मूळ सूत्र होते. गर्न्सीच्या लोकांना त्याचा वापर होत होता. तो थांबला, आणि स्लॉट समाजाकडे नव्हे तर अधिक पैसे देणाऱ्याकडे गेला.

दंड आणि किंमत

२००४ मध्ये युरोपीय नियमावलीत दुरुस्ती होऊन स्लॉटच्या गैरवापराबद्दल परिणामकारक व प्रमाणबद्ध शिक्षेची तरतूद करणे सदस्य देशांना बंधनकारक झाले. ब्रिटनने २००६ च्या विनियमांनुसार संयोजकास २०,००० पौंडांपर्यंत दंड करण्याचा अधिकार दिला. जाणूनबुजून चुकीच्या वेळी येणाऱ्यांवर या दंडाचा वचक बसू शकतो. परंतु किमतींकडे पाहावे. २००८ मध्ये अमेरिकेच्या कॉन्टिनेंटल कंपनीने हीथ्रोवरील चार जोड्यांसाठी २० कोटी ९० लाख डॉलर मोजले. २०१३ मध्ये मुंबईच्या जेट एअरवेजने हीथ्रोवरील आपल्या तीन जोड्या एतिहादला ७ कोटी डॉलरना विकल्या आणि त्याच वेळा भाड्याने घेऊन उड्डाणे चालू ठेवली. २०१६ मध्ये ओमान एअरने एका जोडीसाठी साडेसात कोटी डॉलर दिल्याचे वृत्त होते. रिकामे विमान उडविण्याचा खर्च या रकमांच्या शेजारी ठेवला की कार्डिफचे गणित आपोआप उलगडते.

युरोपीय आयोगाने एप्रिल २००८ मध्ये पारदर्शक रीतीने होणाऱ्या अशा व्यवहारांना आपण आडकाठी करणार नाही, असे जाहीर केले. डिसेंबर २०११ मध्ये ८० चे ८५ टक्के करण्याचा आणि विक्रीस उघड मान्यता देण्याचा प्रस्तावही आला. तो मंजूर झाला नाही. ब्रिटिश मेडिटरेनियन २००७ मध्ये बीएमआय या कंपनीने घेतली, आणि हीथ्रोवरील स्लॉटांमुळेच आकर्षक ठरलेली बीएमआय २०१२ मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या मूळ कंपनीकडे गेली.

सूट

संकटकाळी मोजणी थांबविण्याची प्रथा २००१ पासून रूढ झाली. अकरा सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर, २००३ मध्ये इराक युद्ध व सार्सच्या वेळी आणि २००९ च्या मंदीत युरोपात ८० टक्क्यांची अट शिथिल झाली. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे ती पूर्णपणे स्थगित झाली. त्यापूर्वीच्या काही दिवसांत युरोपात जवळजवळ रिकामी विमाने उडत होती, आणि ब्रिटनच्या वाहतूकमंत्र्यांना संयोजकास पत्र लिहावे लागले. पुढे प्रमाण पायरीपायरीने परत आले: २०२१-२२ च्या हिवाळ्यात ५० टक्के, २०२२ च्या उन्हाळ्यात ६४, त्या हिवाळ्यात ७५ आणि २०२३ च्या उन्हाळ्यात पुन्हा ८०.

याच काळात लुफ्तान्साच्या प्रमुखांनी सांगितले की, केवळ स्लॉट राखण्यासाठी त्या हिवाळ्यात आपल्या गटास १८,००० अनावश्यक उड्डाणे करावी लागतील. आकडा जगभर गाजला. आयोगाने तो मान्य केला नाही. प्रमाण निम्म्यावर आणले असताना आणि सबळ कारणासाठी वेगळी सूट उपलब्ध असताना रिकामे उडण्याची गरज नाही, असे त्याचे म्हणणे होते. रायनएअरचा सल्ला अधिक रोखठोक होता: आसने स्वस्त विका. इतिहासाच्या अभ्यासकाने येथे साधनचिकित्सेचा पहिला धडा विसरू नये. १८,००० हा आकडा सूट वाढवून मागणाऱ्याने दिलेला आकडा आहे. सूट मिळाल्यास जुन्या धारकाची वहिवाट न वापरताही टिकते आणि बाहेर थांबलेल्या कंपनीस आणखी एक हंगाम थांबावे लागते. रिकाम्या विमानाविषयीचा संताप खरा होता. परंतु त्या संतापाचा लाभ कोणास होणार होता, हेही पाहिले पाहिजे.

मुंबई

हा प्रश्न आपल्या दाराशी १७ एप्रिल २०१९ रोजी आला. त्या रात्री जेट एअरवेजचे शेवटचे विमान अमृतसरहून मुंबईस उतरले. मुंबईत सुमारे २८० आणि दिल्लीत सुमारे १६० स्लॉट रिकामे झाले. ऐन उन्हाळी सुट्टीत तिकिटांचे दर भडकले होते. शासनाने हे स्लॉट तात्पुरते म्हणून इतर कंपन्यांना दिले. पुढे दिवाळखोरीच्या प्रक्रियेत जेटच्या नव्या प्रवर्तकांना जुन्या वेळा परत हव्या होत्या. न वापरलेल्या स्लॉटवर ऐतिहासिक हक्क सांगता येत नाही, अशी भूमिका शासनाने घेतली. राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाने २२ जून २०२१ रोजी पुनरुज्जीवनाची योजना मंजूर केली, पण स्लॉटचा निर्णय संबंधित अधिकाऱ्यांवर सोपविला. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश दिला. हीथ्रोवरील वेळा विकून जेटला २०१३ मध्ये कोट्यवधी डॉलर मिळाले होते. मुंबईतील वेळांवर तिच्या हजारो कर्मचाऱ्यांच्या थकीत वेतनासाठी एक रुपयाही उभा करता आला नाही. तत्त्व म्हणून शासनाची भूमिका बरोबर होती, असे माझे मत आहे. परंतु तात्पुरते मिळालेले स्लॉट पुढील हंगामांत कोणाची वहिवाट झाले, याचा सार्वजनिक हिशेब असावयास हवा होता.

मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. म्हणून एका वेळी एकच वापरता येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रीय नागरी विमानवाहतूक मंत्रालयाने तेथील कोंडीची कारणे प्रसिद्ध केली. विमानतळचालकाने वेळेत पुरेशी सैल जागा न ठेवता केलेले अतिरिक्त स्लॉटवाटप, कंपन्यांनी स्लॉट न पाळणे आणि गर्दीच्या वेळची अनियमित उड्डाणे, अशी ती तीन कारणे होती. चाळीस मिनिटे घिरट्या घालणारे विमान सुमारे १.७ किलोलिटर इंधन, म्हणजे जवळपास १.८ लाख रुपये जाळते, असेही निवेदनात म्हटले होते. उपाय म्हणून गर्दीच्या तासांतील मर्यादा ४६ वरून ४४ आणि इतर तासांतील ४४ वरून ४२ करण्यात आली आणि खाजगी विमानांवर वेळेचे निर्बंध आले. तीन कारणांपैकी पहिल्यावर आणि तिसऱ्यावर उपाय झाला. कोणत्या कंपनीने हंगामात किती वेळा आपली वेळ मोडली, याची यादी त्या निवेदनासोबत नव्हती.